झाकणाच्या आतला ठसा

पेटी माझ्या टेबलावर उघडी ठेवली होती आणि आतल्या गादीचं रेक्झिन मधोमध पिवळं पडून आक्रसलं होतं.

“बाळ नव्हतं आत,” उपाध्ये सर म्हणाले. “सिस्टरनं रिकामी पेटी तापायला लावली आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर ही दशा. बाळ असतं तर?”

सर कारखान्याचे मालक, पण ओरडणारे नव्हते. त्या सकाळी मात्र त्यांचा आवाज चढलेला होता.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला सातपूरच्या वसाहतीत आमचा सतरा माणसांचा कारखाना होता. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या आम्ही बनवायचो. डोंगरातल्या लहान दवाखान्यांना परवडतील अशा. पेटीच्या पोटात एक छोटा संगणक आणि त्यात एक फाइल. हीटर कधी चालू ठेवायचा आणि कधी बंद करायचा, हे ती फाइल ठरवायची. तिच्यात एक ओळ अशी होती, की काहीही झालं तरी आतली हवा अडतीस अंशांच्या वर गेली की हीटर बंद. बाळाच्या पोटावरचा सेन्सर सुटला, पेटीला वाटलं बाळ गारठलंय आणि ती तापतच सुटली, तर बाळाला वाचवणारी ती एकच ओळ. तिच्यानंतर एक फ्यूज होता, पण तो पेटी वाचवायला होता, बाळ वाचवायला नव्हता.

आणि त्या फाइली सांभाळण्याचं काम माझं. पेटीला फाइलीचं एकच नाव कळायचं, त्यामुळे आमच्या सगळ्या फाइली एकाच नावाच्या. जुनी, नवी, चाचणीची, पक्की, सगळ्यांचं नाव तेच. वरून बघून कुणालाही फरक कळायचा नाही. म्हणून मी ठसे चालू केले. फाइल एका ठरावीक गणितातून काढली की चौसष्ट आकड्या-अक्षरांची एक रांग मिळते. फाइलीत एक टिंब बदललं तरी ती रांग सगळीच्या सगळी बदलते. संगणकवाले तिला हॅश म्हणतात, आमचे तंत्रज्ञ ठसा म्हणायचे. तंत्रज्ञांना द्यायच्या पक्क्या फाइलींचं पॅकेज बांधून मी ‘सेवा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, चाचणीच्या फाइली शेजारच्या फोल्डरमध्ये. कुठला ठसा कुठल्या पॅकेजमधल्या फाइलीचा, याची नोंदवही मी संगणकावर ठेवली होती. ठसा द्या, मी फाइलीचं कूळ सांगते, असं मी मिरवायची. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मला स्वतःचं जे काही कौतुक होतं, ते सगळं त्या वहीचं होतं.

मी पेटीतली फाइल काढून तिचा ठसा घेतला आणि वहीत टाकला. पडद्यावर पहिलीच ओळ आली: चाचणी-११.

“सर, ही चाचणीची फाइल आहे,” मी म्हटलं. “हीटर पूर्ण तापवून फ्यूज उडतो का ते बघायला आपण ती अडतीसची ओळ काढली होती ना, ती.”

“ती बाहेर गेली कशी?”

“या पेटीत फाइल भोयेभाऊंनी भरलीय. गेल्या पंधरवड्यात.”

सरांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चिंतामण भोये आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. सुरगाण्याकडचे, पन्नाशीला आलेले. मोटरसायकलवर पेन ड्राइव्ह आणि पाने घेऊन डोंगरातले दवाखाने फिरायचे. त्या दिवशीही घाटाखाली कुठंतरी होते.

“भोये, तू चाचणीच्या फोल्डरमधून फाइल उचललीस?”

“नाही साहेब. सेवाच्याच फोल्डरमधून घेतली होती. डिसेंबरचं पॅकेज.”

“मग पेटीत चाचणीची कशी आली? चालत गेली?”

“ताई आहेत का तिथं? ताई, मी सेवाच्याच फोल्डरमधून घेतली होती बघा.”

मी माईककडे वाकून म्हटलं, “भोयेभाऊ, ठसा खोटं बोलत नाही.”

मागं गाड्यांची घरघर चालू होती. मग ते म्हणाले, “असेल ताई. दोन्ही फोल्डर शेजारीशेजारीच असतात. माझ्याच हातून झालं असेल.”

तो विषय माझ्यापुरता तिथं संपला. खरा प्रश्न वेगळा होता. त्या पंधरवड्यात भोयेभाऊंनी ही सोडून आणखी एकोणीस पेट्यांत फाइली भरल्या होत्या. फॉर्म आठवड्याचे एकदम भरायचे, तारखा अंदाजे टाकायच्या, पेन ड्राइव्हवर नवीन फाइल आली की जुनी पुसायची. त्यामुळे ही फाइल आणखी किती पेट्यांत गेली, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नव्हतं. आणि त्या एकोणीस पेट्यांत या क्षणी कुणाची ना कुणाची बाळं झोपलेली होती.

दहा वाजेपर्यंत आम्ही एकोणीस फोन केले. अकरा पेट्या रिकाम्या निघाल्या. त्या बंद करून वर चादर टाकायला सांगितलं. आठ पेट्यांत बाळं होती. तिथल्या डॉक्टरांना, नाहीतर सिस्टरांना सर म्हणाले, बाळ बाहेर काढा. एक डॉक्टर फोनवरच उसळले.

“बाहेर काढून ठेवू कुठं? डिसेंबर आहे. सकाळी सात अंश होतं इथं. बाराशे ग्रॅमचं पोर आहे, दोन तासांत गार पडेल. माझी पेटी खराब आहे हे नक्की सांगता का? मग काढतो.”

नक्की कसं सांगणार? आठही ठिकाणी थोड्याफार फरकानं हेच ऐकावं लागलं. पेटीत ठेवलं तर भाजण्याची भीती, काढलं तर गारठण्याची. दर दहा मिनिटांनी बाळाचा ताप बघा म्हटलं, तर एका सिस्टरनं विचारलं, “मॅडम, माझ्याकडं चौदा बाळंतिणी आहेत आणि मी एकटी. किती वेळा बघू?”

“ठसे घेऊ,” मी सरांना म्हणाले. “आठच तर आहेत. तासाभरात कळेल.”

मी एकेका दवाखान्याला परत फोन लावला. “सिस्टर, पेटीचा ठसा वाचून दाखवा.” सिस्टरांना ठसा माहीत होता. तंत्रज्ञ दर खेपेला फॉर्मवर तो लिहायचे, सह्या सिस्टर करायच्या. त्या वाचायच्या, मी माझ्याकडच्या पक्क्या फाइलीच्या ठशाशी ताडून बघायची. बी बैलाचा, डी डब्याचा, ई ईश्वराचा, असं करत करत. पहिला जुळला. दुसरा जुळला. पाचवा जुळला तेव्हा सर खुर्चीवर बसले.

सातवं बोरधार. डोंगराच्या टोकाला असलेलं गाव, तिथं सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर, तेही त्या दिवशी शिबिराला गेलेले. दवाखान्याचा फोन कित्येक महिने मेलेला, म्हणून गांगुर्डे सिस्टरांचा मोबाइल.

“हां मॅडम, बोला. लाइट गेलीय बघा आमची अर्ध्या तासापासून. पोरीला आईजवळ दिलीय, कांबळ्यात गुंडाळून. ठसा ना? थांबा, वाचते.”

त्यांनी सावकाश, स्पष्ट वाचला. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं. जुळला.

“बरोबर आहे का हो?”

“एकदम बरोबर. तुमची पेटी चांगली आहे, सिस्टर.”

“मग लाइट आली की पोरीला परत ठेवू ना आत? आई नको नको करतेय, पण वजन चौदाशेच आहे.”

“ठेवा,” मी म्हणाले. “निर्धास्त ठेवा.”

आठवाही जुळला. बाराला पाच कमी होते. खराब फाइल असलीच तर ती बंद केलेल्या अकरा पेट्यांत असणार होती आणि तिथं ती कुणाचं काही वाकडं करू शकत नव्हती. माझ्या जिवात जीव आला. सरांनी चहा मागवला. मला म्हणाले, “तुझ्या वहीनं वाचवलं बाई आज.” मी लाजल्यासारखं केलं, पण ते मला पटलेलं होतं.

चहाचा पहिला घोट घेतला आणि कारखान्यातली वीज गेली. संगणक बॅटरीवर चालू राहिले. टेबलावरच्या त्या पेटीचा छोटा पडदा मात्र विझला. मी सहज तिकडं पाहिलं. पडदा काळा. उघड्या झाकणाच्या आत मी छापलेला कागद चिकटवलेला, त्यावर चौसष्ट अक्षरं, चांगली ठळक.

लाइट गेलीय. थांबा, वाचते.

“सर,” मी म्हटलं, “बोरधारला लाइट नव्हती.”

“मग?”

“लाइट नसेल तर पेटीचा पडदा चालत नाही. मग सिस्टरांनी ठसा कुठून वाचला?”

सरांना कळायला जरा वेळ लागला. मला नाही लागला. पेटीचा खरा ठसा काढायचा तर दोन बटणं एकदम दहा सेकंद दाबायची. हीटर बंद होतो, पेटी हळूहळू हिशेब करते, चार मिनिटांनी पडद्यावर ठसा येतो. फारच कंटाळवाणं काम. म्हणून तंत्रज्ञांना पडद्याशी ताडून बघायला सोपं जावं, असा विचार करून पक्क्या फाइलीचा ठसा छापून झाकणाच्या आत चिकटवायची कल्पना निघाली. कल्पना माझीच. त्या दिवसापासून पडद्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. तंत्रज्ञ झाकणावरून उतरवून घ्यायचे. सिस्टरांना ठसा म्हणजे झाकणातला कागद एवढंच माहीत होतं. आतमध्ये कुठलीही फाइल असो, झाकण नेहमी बरोबरच सांगणार.

दोन वर्षं माझ्याकडं हाताने लिहिलेले फॉर्म येत होते. चौसष्ट अक्षरं उतरवताना माणूस कुठं ना कुठं चुकतोच. त्या फॉर्मांत एकही चूक नव्हती. मला त्याचा अभिमान वाटायचा.

सकाळपासूनचे आठही ठसे कचऱ्यात गेले होते. आणि बोरधारची पोर आईच्या अंगावर नीट होती, तिला मी निर्धास्त पेटीत ठेवायला सांगितलं होतं.

मी गांगुर्डे सिस्टरांना फोन लावला. मोबाइल बंद. परत लावला. बंद. लाइट नव्हती म्हणजे मोबाइलची बॅटरी उतरली असणार आणि लाइट आली असेल तर पोर आत गेली असणार. ग्रामपंचायतीत फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तालुक्याला लावला, तर कारकून म्हणाला, “डॉक्टर शिबिरात आहेत, निरोप ठेवतो.” पोलीस चौकीत एक हवालदार भेटला. “पेटी म्हणजे कसली पेटी? दानपेटी?” त्याला समजावताना माझा आवाज फाटला. माणूस मिळाला की पाठवतो, म्हणाला. बोरधार तिथून अठरा किलोमीटर होतं आणि चौकीची जीप बाहेर गेलेली.

सरांनी भोयेभाऊंना लावला. मी सरांच्या हातून फोन घेतला.

“भोयेभाऊ, कुठं आहात? बोरधारला किती वेळात पोचाल?”

“पस्तीस किलोमीटर आहे ताई, सगळा घाट. सव्वा तास. काय झालं?”

“आत बाळ आहे. बहुतेक तीच फाइल आहे. तुम्ही फक्त जा. पोचलात की आधी बाळ बाहेर काढा, ठसा नंतर.”

“निघालो,” ते म्हणाले. गाडीला किक मारल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्या सव्वा तासात मी उरलेल्या सात दवाखान्यांना परत फोन केले. या वेळी बटणं दाबायला लावून, पडद्यावरून. सिस्टर वैतागल्या. “मघाशी वाचला की तोच. परत कशाला?” एकीनं तर विचारलं, “मॅडम, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते एकदा ठरवा.” हीटर बंद असलेली ती चार मिनिटं प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी बाळ गार हवेत पडून होतं, आणि मी फोन कानाला लावून थांबले होते. पहिला ठसा जुळला. सकाळी ठसा जुळला की बरं वाटायचं, आता तसं नव्हतं, कारण एक पेटी चांगली निघाली की संशय तेवढा बोरधारवर सरकत होता. दुसरा जुळला. चौथा. सहावा. एका ठिकाणी सिस्टरनं दोन अक्षरं उलटसुलट वाचली, परत वाचून घेतली, तोही जुळला. सातवाही जुळला तेव्हा दीड वाजला होता. सर खिडकीजवळ उभे होते. ते मागं वळले नाहीत.

मधूनमधून मी गांगुर्डे सिस्टरांचा नंबर लावत होते. मी देवाला मानत नाही. त्या दिवशी मात्र बोरधारची लाइट येऊ नये म्हणून मी कुणाची तरी विनवणी करत होते, कुणाची ते मला आजही सांगता येणार नाही.

एक पंचेचाळीसला फोन आला.

“ताई, पोचलो. पोर बाहेर काढली.” भोयेभाऊंना धाप लागली होती. “लाइट साडेबारालाच आलीय.”

“कशी आहे?”

“लाल झालीय अंगभर. सिस्टरनं ताप बघितला, एकशे चारच्या वर. पोटावरचा सेन्सर सुटला होता. सिस्टर बाळंतिणीपाशी होती, तिला कळलंच नाही. ओठ सुकलेत पोरीचे. रडत नाही ताई ती. नुसती पडून आहे.”

“आईजवळ द्या, कपडे सैल करून. अँब्युलन्स?”

“सिस्टरनं माणूस पाठवलाय, येईलच. ठसा घेतलाय मी. पडद्यावरून. लिहून घेतलाय, एका ठिकाणी चुकलो, ते खोडलंय. सांगू?”

मला ठसा नको होता. काय निघणार ते दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी वाचला आणि मी वहीत टाकत गेले, कारण फोन ठेवायचा धीर मला होत नव्हता. नऊ, बी बैलाचा, चार, शून्य, ई ईश्वराचा. शेवटचं अक्षर टाकलं. पडद्यावर ओळ आली: चाचणी-११.

तिच्याखाली अजून एक ओळ होती.

एकच फाइल दोन पॅकेजमध्ये असू शकते. वही मी त्यासाठीच तर बनवली होती, की ठसा टाकला की तो जिथं जिथं आहे तिथली सगळी पॅकेजं दिसावीत. सकाळी सर डोक्यावर उभे होते, मी पहिली ओळ वाचली आणि खाली पाहिलंच नाही. मला हवं ते उत्तर पहिल्याच ओळीत मिळालं होतं.

दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: सेवा, डिसेंबर. बनवणार, हेमांगी. म्हणजे मी.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवली. धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, मला पाचची बस गाठायची होती. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या, दोन्हींत त्याच नावाची फाइल. त्यातली एक उचलून मी तंत्रज्ञांच्या पॅकेजमध्ये टाकली. पॅकेजची नोंद वही आपोआप घ्यायची, ती तिनं घेतली. झाकणांचे कागद मी जुन्या नोंदीवरून छापले. दिलेल्या फाइलीचा ठसा मोजून बघितलाच नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कारणासाठी नवं पॅकेज आलं आणि हे पुसलं गेलं; मधल्या दिवसांत ते फक्त भोयेभाऊंनीच घेतलं होतं. भोयेभाऊंनी बरोबर फोल्डरमधून बरोबर पॅकेज घेतलं होतं. आतली फाइल मी घातलेली होती.

“ताई? तीच आहे ना?”

“तीच आहे,” मी म्हणाले. मग म्हणाले, “भोयेभाऊ, चूक तुमची नाही. सेवाच्या पॅकेजमध्येच मी चुकीची फाइल घातली होती. तुम्ही बरोबर घेतली.”



“म्हणजे मी सकाळी म्हणत होतो, तेच?”

“हो.”

“ताई, मी आत्ता त्या बाईच्या पाया पडून आलो.”

ते पुढं बोलत राहिले.

“विशीचीसुद्धा नसेल. माझ्या धाकटीएवढी. मी वाकलो तर घाबरून पाय मागं घेत होती. तिला कळंना हा म्हातारा कशाला पाया पडतोय. मी म्हणालो, माय, माझ्या हातून झालं.” ते थांबले. “सकाळीच बघितलं असतं तर बरं झालं असतं, ताई. ठेवतो. अँब्युलन्स आली.”

सरांना मी ती दुसरी ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला. “भोयेला सांगितलंस?” मी हो म्हटलं. “मी सकाळी त्याला अरेतुरे करून बोललो,” एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला रागवायला हवं होतं त्यांनी. कुणीच रागावलं नाही, त्यानं मी अधिकच खचले.

मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला तेवढा आधार लागतो. सतराव्या दिवशी ती घरी गेली. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं.

सहाला मी नाशिकच्या सरकारी दवाखान्यात पोचले. नवजात बाळांच्या विभागाबाहेर बाकावर भोयेभाऊ बसले होते, अंगावर घाटाची धूळ तशीच. मला बघून ते उठले नाहीत. शेजारी जागा करून दिली.

“सलाइन लावलंय,” म्हणाले. “ताप उतरलाय. उद्यापर्यंत सांगता येत नाही म्हणतात.”

पलीकडं भिंतीला टेकून ती बसली होती. तुळसा तिचं नाव. खरंच पोरच होती, कानात लहान रिंगा, पदर घट्ट खोचलेला. छातीशी दोन्ही हात असे धरले होते, जसं काही अजून कुणी तिथं आहे.

“तुळसा, ह्या आमच्या हपिसच्या ताई,” भोयेभाऊ म्हणाले. “सकाळी तुमच्या सिस्टरला फोन केला होता त्या.”

मी येताना वाक्यं जुळवली होती. चूक यांची नाही, माझी आहे. फाइल, पॅकेज, कसं सांगायचं ते सगळं. तिच्यासमोर बसले, पण ती वाक्यं बाजूलाच राहिली. तीच बोलली.

“फोनवर ‘ठेवा’ म्हनल्या, त्या तुमीच का?”

“हो.”

“मी सिस्टरला म्हनत व्हते, लाइट आली तरी ऱ्हाऊ द्या. माज्या अंगाशी चांगली निजली व्हती. दूध वढाया लागली व्हती.” तिच्या आवाजात राग नव्हता. घडलं तसं सांगत होती. “सिस्टर म्हनल्या, नाशिकच्या बाईंनी तपासलंय, ठेवा म्हनल्यात. मंग दिली.”

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “फार मोठं चुकलं, तुळसा. भाऊंचं काही चुकलं नाही. सगळं माझं.”

तिनं मान हलवली. ते तिच्या कामाचं नव्हतं. ती माझ्याकडं जरा सरकली आणि हळू आवाजात म्हणाली,

“मंग येक काम करा. ह्यांना सांगा आतल्या बाईंना. ताप उतरला की पोर माज्या अंगाशी ठिऊ द्या म्हनून. मी चारदा ईचारलं, दारातनंच बाहेर काढत्यात. माजं कोनी ऐकत न्हाई. तुमचं ऐकत्यात.”

मी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेले.